पोटगी नको, वाटा हवा

25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. डॉ. आंबेडकरांनी त्या वर्षी तिथे भरवलेल्या दुसऱ्या परिषदेसाठी फत्तेखान यांनी आपली जमीन दिली होती. तिथे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी ठराव मांडला आणि रात्री ग्रंथ अग्नीत टाकला गेला. त्या ग्रंथाने अस्पृश्यांसाठी आणि स्त्रियांसाठी काय लिहून ठेवलं होतं, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. आणखी एका समूहाबद्दल त्यात काय आहे, याची चर्चा मात्र क्वचित होते. अकराव्या अध्यायात पापं आणि त्यांची पुढच्या जन्मी मिळणारी फळं यांची यादी येते. घोडा चोरणारा पांगळा होतो, दिवा चोरणारा आंधळा, दिवा विझवणारा एकाक्ष. वाणी चोरणारा मुका होतो. टीकाकारांनी वाणीचोर म्हणजे परवानगीवाचून वेद शिकणारा, असा अर्थ लावला आहे.

म्हणजे ज्ञानाच्या घरात न विचारता शिरण्याची शिक्षाही अपंगत्वच.

नवव्या अध्यायात वारशाच्या वाटणीचे नियम आहेत. जन्मांध, जन्मबधिर, मुका, वेडा, इंद्रिय नसलेला यांना वडिलार्जित संपत्तीत वाटा नाही. लगेच पुढच्या श्लोकात सांगितलं आहे की, वारसदारांनी त्यांना यथाशक्ती अन्नवस्त्र द्यावं, जो देणार नाही तो पतित होतो. चौथ्या अध्यायात हीनांगाची हेटाळणी करू नये, असंही बजावलं आहे. एवढ्यावरून या व्यवस्थेला निव्वळ क्रूर म्हणता येणार नाही. तिने पोट भरण्याची सोय केली, टिंगल करायला मनाई केली. फक्त वाटा काढून घेतला. अशा व्यवस्थेशी भांडणं अवघड असतं, कारण तिच्या हातात नेहमी जेवणाचं ताट असतं.

जमीनजुमल्यापुरतं हे भांडण कायद्याने संपवलं. महाडच्या घटनेशी थेट संबंध नसला, तरी पुढच्याच वर्षी, 1928 मध्ये, हिंदू वारसा हक्कातली अपात्रता दूर करणारा कायदा आला. जन्मजात वेडसरपणा वगळता कोणत्याही शारीरिक व्यंगामुळे वारसा नाकारता येणार नाही, असं त्याने ठरवलं. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने उरलेला अपवादही काढून टाकला. आता आंधळ्या भावाला शेताच्या सातबाऱ्यावरून वगळता येत नाही. पण समाजाची सगळ्यात मोठी वडिलार्जित संपत्ती शेत नव्हे. ती पुस्तकांत आहे, आणि त्या पुस्तकांची कोठारं म्हणजे विद्यापीठांची आणि महाविद्यालयांची ग्रंथालयं. तिथे अपंग विद्यार्थ्याला वाटा मिळतो की पोटगी, हा प्रश्न महाडमध्ये विचारणं रास्त आहे.

पण वाट्याच्या आधी, एखाद्या घरात दृष्टी नसलेलं मूल जन्माला आलं की पहिला प्रश्न येतो, 'असं का झालं?' उत्तर शोधायला माणसं डॉक्टरकडे जातात, तशी मागच्या जन्मीही जातात. 'कुणाचं तरी पाप', 'प्रारब्ध', 'देवाची इच्छा' ही उत्तरं केवळ मनुस्मृतीची नाहीत. धम्मपदाच्या पहिल्याच गाथेवरच्या अट्ठकथेत, म्हणजे भाष्यात, चक्खुपाल नावाच्या अंध थेराची, ज्येष्ठ भिक्खूची, गोष्ट येते. पूर्वजन्मी वैद्य असताना त्याने एका स्त्रीचे डोळे जाणूनबुजून घालवले, म्हणून या जन्मी त्याची दृष्टी गेली, असा तिथे खुलासा आहे. कर्मफळाचा हा हिशेब या भूमीतल्या बहुतेक परंपरांनी मांडला.

डॉ. आंबेडकरांनी तो बौद्ध परंपरेच्या आत शिरून तपासला. त्यांच्या मृत्यूनंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्मावर आजचं दुःख टाकणारा सिद्धांत बुद्धाचा असूच शकत नाही, असं त्यांनी मांडलं. त्यांचा आक्षेप नैतिक होता. दुःखाचं कारण मागच्या जन्मात ठेवलं, की गरिबांच्या आणि दुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता येते. जे पूर्वीच ठरलं आहे, त्यात सुधारणा कोण आणि कशाला करील?

हाच विचार ग्रंथालयाच्या दाराशी आणून पाहावा. चाकाच्या खुर्चीवरची विद्यार्थिनी पुस्तकांपर्यंत पोहोचली नाही. का पोहोचली नाही? 'तिचे पाय चालत नाहीत म्हणून' हे एक उत्तर. 'तीन पायऱ्या बांधल्या आणि उतार बांधला नाही म्हणून' हे दुसरं. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण पहिलं उत्तर पत्करलं की काम संपतं आणि सहानुभूती सुरू होते. दुसरं पत्करलं की गवंड्याला बोलवावं लागतं. जगभरच्या अपंग चळवळींनी गेल्या अर्धशतकात हेच सांगितलं: अडचण एकट्या शरीरात नसते, ती शरीर आणि बांधलेली व्यवस्था यांच्या मध्ये असते. मागच्या जन्माच्या हिशेबाला यात जागा नाही. हिशेब असलाच तर तो बांधकाम खात्याचा आहे.

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहासही कागद आणि पाणी यांच्यामधल्या अंतराचा आहे. 4 ऑगस्ट 1923 रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सार्वजनिक शाळा, न्यायालयं, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असं त्यात म्हटलं होतं. जानेवारी 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही आपलं तळं खुलं असल्याचा ठराव केला. त्यानंतर तीन वर्षं ठराव होता आणि ओंजळ नव्हती. 20 मार्च 1927 ला आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची हजारो माणसं तळ्याच्या पायऱ्या उतरली तेव्हा कागदावरचा हक्क पहिल्यांदा ओला झाला. मग हल्ले झाले, तळं 'शुद्ध' करून घेण्यात आलं, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, डिसेंबरात दिवाणी दावा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो 17 मार्च 1937 रोजी.

मार्चमधल्या परिषदेची जमवाजमव करणाऱ्या रामचंद्र बाबाजी मोरे यांना याच महाडमध्ये शाळेत जाण्यासाठी झगडावं लागलं होतं. खुद्द आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकू दिलं गेलं नाही, फारसी घ्यावी लागली. पाण्याचा आणि पुस्तकाचा प्रश्न या माणसांच्या आयुष्यात वेगळा नव्हता.

अपंगांच्या हक्कांचा कागदही आता भरभक्कम आहे. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्यात अपंगत्वाचे 21 प्रकार धरले आहेत, उदाहरणार्थ अंधत्व आणि अल्पदृष्टी, बहिरेपण, मेंदूचा पक्षाघात, वाचन-लेखनातली अक्षमता, सिकल सेलसारखे रक्ताचे आजार. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के राखीव जागा आहेत. विद्यमान सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम 2017 चे, म्हणजे मुदत 2022 मध्ये संपली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचा नियम 15 कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यातली मानकं केवळ शिफारशींसारखी होती. सक्तीची किमान मानकं ठरवा, असा आदेश केंद्राला झाला. सात वर्षं ज्याला नियम म्हटलं, तो प्रत्यक्षात सल्ला होता.

कायद्यात एक फट अशीही आहे, जी थेट महाविद्यालयाच्या दारात उघडते. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना पुस्तकं, शैक्षणिक साहित्य आणि सहायक साधनं मोफत द्यावीत, अशी तरतूद आहे, पण वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतच. पदवीचं शिक्षण सुरू होतं नेमकं त्याच वयात. महाडशेजारच्या पोलादपूरच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीवरून एसटीने खाली उतरून महाविद्यालयात आलेला अंध मुलगा त्या दिवसापासून ग्रंथालयाच्या भरवशावर असतो. घरी पुस्तकांचं कपाट नसतं आणि पुण्या-मुंबईसारखी स्वयंसेवी वाचकांची मंडळं जवळपास नसतात. शहरात ग्रंथालय अनेक वाटांपैकी एक असतं, इथे ती एकच वाट असते.

या वाटेवर धर्मपरंपरेची साक्ष काढायची तर महाड तालुक्यातच काढता येते. शिवथरघळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. घळीत दर्शनाला येणाऱ्यांपुढे गुरू सांगत आहेत आणि शिष्य लिहीत आहे, हेच दृश्य मूर्तिरूपाने उभं आहे. ज्ञानेश्वरीचे लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचं नाव घेतलं जातं. म्हणून कुणी दासबोध कल्याणांचा किंवा ज्ञानेश्वरी सच्चिदानंदबाबांची म्हणत नाही. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि ग्रंथ सांगणाऱ्याचा, हे आपल्याला शेकडो वर्षं मान्य आहे. तरीही परीक्षेला लेखनिक मागणाऱ्या विद्यार्थ्याकडे संशयाने पाहिलं जातं. लेखनिकाचा हक्क ठरावीक टक्केवारीच्या अपंगत्वापुरता मर्यादित नाही, हे फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

कानाने वाचणं हे कमअस्सल वाचन, ही समजूतही परंपरेत बसत नाही. दासबोधाच्या चौथ्या दशकातला पहिला समास श्रवणभक्तीचा आहे. वेदान्ताचा क्रम श्रवण, मनन, निदिध्यासन असा आहे. कीर्तन, पारायण आणि प्रवचन यांच्यावर वाढलेल्या समाजाने संगणकाच्या आवाजातून पुस्तक ऐकणाऱ्या मुलीला 'ही खरं वाचत नाही' म्हणावं, हे विसंगत आहे.

ग्रंथाचं रूप बदलणं तर इथे पुण्यकर्म मानलं गेलं. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये गीता मराठीत आणली, कारण संस्कृताच्या उंबऱ्याबाहेर माणसं ताटकळत होती. पोलादपूरला ज्यांची समाधी आहे, त्या कवींद्र परमानंदांचं 'शिवभारत' मूळ संस्कृतात आहे. सामान्य मराठी वाचकाला ते उमगलं ते भाषांतर होऊन छापलं गेलं तेव्हा. हस्तलिखितातून छापील पानात आलेला ग्रंथ बाटला नाही. तो ब्रेलमध्ये, मोठ्या टाइपात किंवा आवाजात आला तरी बाटणार नाही.

महाराष्ट्राला प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज ठाऊक आहेत. 1881 मध्ये अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या या माणसाची दृष्टी तान्हेपणीच गेली. 1915 मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले, तोवर त्यांच्या नावावर शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ होते. वेदान्तापासून पाश्चात्त्य तत्त्वज्ञानापर्यंत त्यांचा संचार होता. भक्त याला चमत्कार म्हणतात. त्या श्रद्धेला धक्का न लावताही विचारता येतं की पुस्तकं त्यांना वाचून कोण दाखवत होतं, त्यांनी सांगितलेलं कोण उतरवून घेत होतं? त्यांच्याभोवती वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या माणसांचं मंडळ होतं. त्या मंडळाने केलेलं काम म्हणजेच आजच्या भाषेत ग्रंथालय सेवा. चमत्काराच्या कथेत ही माणसं दिसेनाशी होतात आणि सगळा भार त्या एकट्या अंध माणसाच्या तेजावर येतो.

इथे एक धोका आहे. महाभारताच्या वनपर्वात आठ ठिकाणी वाकलेला अष्टावक्र जनकाच्या यज्ञमंडपाच्या दारात येतो. द्वारपाल त्याला पोर म्हणून अडवतो, आणि वादात द्वारपालाला व राजाला निरुत्तर केल्यावरच त्याला आत जाता येतं. आपल्याला ही गोष्ट आवडते. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील दृष्टी नसताना दोनदा केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊन आयएएस झाल्या, त्यांचा आपल्याला अभिमान वाटतो, तो वाटायलाच हवा. पण हक्काची कसोटी अष्टावक्रावर किंवा आयएएस अधिकाऱ्यावर लागत नाही. ती पंचेचाळीस टक्क्यांनी पास होणाऱ्या, कादंबरी अर्धी सोडणाऱ्या, ग्रंथालयात थोडा अभ्यास आणि जास्त गप्पा करणाऱ्या सामान्य विद्यार्थ्यावर लागते. डोळस विद्यार्थ्याला आत येण्यासाठी बुद्धिमत्ता सिद्ध करावी लागत नाही. चवदार तळ्यावरही पाणी पिण्यासाठी कुणी बॅरिस्टर असण्याची अट मान्य केली नव्हती.

अद्वैताचा दाखला देणाऱ्यांनाही या दारात उत्तर द्यावं लागतं. आत्म्याला डोळे नाहीत, पाय नाहीत, तो सर्वांत एकच आहे, हे तत्त्व समतेचा केवढा भक्कम पाया ठरलं असतं! 'रिडल्स इन हिंदुइझम'मध्ये आंबेडकरांनी नेमका हाच सवाल केला आहे. ब्रह्म सर्वांत आहे, तर ते समाजरचनेचा आधार का झालं नाही? ते तत्त्वज्ञानात राहिलं आणि व्यवहार वेगळ्याच नियमांनी चालला. ग्रंथालयाच्या भिंतीवर विद्येचा महिमा गाणारं सुभाषित रंगवलेलं असेल आणि कपाटांमधल्या बोळातून चाकाची खुर्ची जाणार नसेल, तर तिथे तेच घडत असतं.

मग करायचं काय? उताराचं गणित सोपं आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे मान्य प्रमाण आहे. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्यांना अठरा फुटांचा उतार लागतो. त्याहून तीव्र उतार फक्त तपासणीच्या फोटोत चालतो, हातांच्या जोरावर खुर्ची ढकलणाऱ्याला नाही.

महाडची स्वतःची एक अडचण आहे, तिचा आदर करायला हवा. सावित्री आणि गांधारीच्या काठच्या या गावाने 22 जुलै 2021 चा महापूर पाहिला आहे. अशा गावात पुस्तकं वरच्या मजल्यावर ठेवणं हे शहाणपण आहे. पण पुस्तकं वर ठेवली म्हणून सेवाही वर ठेवण्याचं कारण नाही. तळमजल्यावर देवघेवीचं टेबल, वाचायला दोन जागा, यादी पाहायला संगणक आणि वरून पुस्तक आणून देणारा कर्मचारी एवढं ठेवता येतं. लिफ्ट येईल तेव्हा येईल.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत खरी भिंत डोळ्यांना दिसत नाही. स्क्रीन वाचक म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी संगणक प्रणाली. एनव्हीडीए ही अशी प्रणाली मोफत मिळते आणि मराठीही वाचते. मात्र मजकूर युनिकोडमध्ये असावा लागतो. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव टंकात केलेल्या नोट्स डोळ्यांना मराठी दिसतात, पण आत रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ असते, तीच विद्यार्थ्याच्या कानात पडते. पानांचे फोटो जोडून केलेली पीडीएफ तर प्रणालीला कोरा कागदच असते. प्राध्यापकांनी नोट्स युनिकोडमध्ये टंकाव्यात आणि ग्रंथपालाने स्कॅन केलेल्या पानांतून अक्षरं ओळखून घ्यावीत, हे काम पैशाचं कमी आणि सवयीचं जास्त आहे.

इथे कॉपीराइटची भीती पुढे केली जाते. 2012 च्या दुरुस्तीने ती अनाठायी ठरवली आहे. अपंग वाचकासाठी पुस्तकाची सुगम प्रत करायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही, काम नफ्यासाठी नसलं म्हणजे झालं. अंध वाचकांसाठीचा माराकेश करार 2013 मध्ये झाला आणि 2014 मध्ये तो सर्वांत आधी मंजूर करणारा देश भारत होता. 2016 पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू आहे. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं दृष्टिबाधितांसाठीचं संसाधन केंद्र 2003 पासून काम करतं आहे. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या डोंगरी तालुक्यातल्या महाविद्यालयाने हे सगळं नव्याने शोधायचं नाही, जोडून घ्यायचं आहे. महामार्गावर शेजारच्या माणगाव तालुक्यात लोणेरेला तर बाबासाहेबांच्याच नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. संगणकाचं शिक्षण देणाऱ्या संस्थेने परिसरातल्या महाविद्यालयांची मराठी पुस्तकं सुगम करण्याचं काम हाती घेतलं, तर ते त्या नावाला शोभेल.

शेवटचा आक्षेप आकड्यांचा असतो: 'आमच्याकडे असा विद्यार्थीच नाही.' 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक. त्यातली मुलं कुठल्या तरी गावात, वाडीत राहतात. ती महाविद्यालयात दिसत नसतील, तर दार बंद असण्याचा तो परिणाम आहे. दार बंद ठेवण्याचं कारण म्हणून तो वापरता येत नाही. 1924 ते 1927 या काळात चवदार तळ्यावर अस्पृश्यांची गर्दी नव्हती, म्हणून तळं खुलं करण्याची गरज नव्हती, असं कुणी म्हणेल काय?

ग्रंथालयाचा वाटा मागणारा विद्यार्थी भाऊबंदांच्या संपत्तीवर डोळा ठेवत नाही. ज्ञान वाटल्याने इतरांच्या हिश्शाला कात्री लागत नाही. उतारावरून वृद्ध प्राध्यापकही चढतात, युनिकोडमधल्या नोट्स सगळ्यांच्याच मोबाइलवर उघडतात.

20 मार्च 2027 हा चवदार तळे सत्याग्रहाचा शताब्दी दिन. त्या दिवशी महाडला भाषणं होतील, अभिवादन होईल. त्याआधी महाड आणि पोलादपूरच्या प्रत्येक महाविद्यालयाने चार गोष्टी कराव्यात: दाराशी योग्य उतार, तळमजल्यावर सेवा, एका संगणकावर मराठी वाचणारी प्रणाली, आणि मागेल त्या विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तक सुगम रूपात देण्याची लेखी हमी. प्राचार्य, ग्रंथपाल आणि व्यवस्थापन समित्यांनी ठरवलं तर एका शैक्षणिक वर्षात हे होऊ शकतं. आणि अपंग विद्यार्थ्यांच्या पालकांनी ते विनंती म्हणून नव्हे, हक्क म्हणून मागावं.